गुंतवळ

“विंचरून झालं की गुंतवळ कुठंही भिरकवायचं नाही. बोटाला गुंडाळायचं, गाठ मारायची, पिशवीत टाकायचं. आपला केस दुसऱ्याच्या हाती लागू देऊ नये, भारती. आणि एकीचा केस दुसरीच्या केसात मिसळूही नये.”

आईला जाऊन बावीस वर्षं झाली होती. तरी कंगवा हातात घेतला की भारतीमावशींना तिचा आवाज ऐकू यायचाच. कंगव्यात अडकून आलेले केस त्या अजूनही बोटाला गुंडाळत. लहानपणी दारावर बाई यायची, गुंतवळ घेऊन बदल्यात सुया-पिना द्यायची. इथं आश्रमात कोण येतंय! पण हाताला लागलेलं वळण सुटत नाही. ज्या ज्या मुलीची वेणी त्यांनी घातली, तिच्या गुंतवळाची एक छोटी कापडी पिशवी त्यांच्या ट्रंकेत होती, आणि पिशवीच्या तोंडाला नाव लिहिलेली चिंधी.

तृप्तिमार्ग साधना मंडळाच्या या कृष्णाकाठच्या आश्रमात त्यांना एकोणीस वर्षं झाली. नवरा गेला, दिरांनी घर विकलं, तेव्हा माताजींनी पदरात घेतलं. मावशी त्यांना सगळे म्हणत, कारण कोयना खोलीच्या त्या प्रमुख होत्या. इथल्या खोल्यांना नद्यांची नावं होती. पहाटे अकरा माळा, मग तुळशीला तांब्याभर पाणी, आणि त्याआधी स्वतःच्या घशाखाली घोटही नाही, हा मात्र त्यांचा स्वतःचा नेम. तो आश्रमाचा नव्हता. सासूबाईंनी दिलेला होता, आणि तेहेतीस वर्षांत तो तापातसुद्धा चुकला नव्हता.

त्या सोमवारी सभामंडपात परकी माणसं आली. कोर्टाचा एक कारकून आणि मिरजेच्या डॉक्टर मुजावर. कोयना खोलीतल्या चौदाही जणींना सतरंजीवर बसवलं होतं. शेजारी खुर्चीवर मंडळाचे सचिव हर्षदभाऊ, मांडीवर जपमाळ, कानात फोनचा मणी.

“मी डॉक्टर आहे, पण सुई टोचणारी नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “मी केस वाचते.”

“हात बघणारे पाहिले होते,” मागून कल्पनाताई पुटपुटल्या. “ही केस बघणारी.” दोघीतिघी पदरात हसल्या. डॉक्टरही हसल्या.

“हात बघणारे पुढचं सांगतात हो ताई. मी मागचं सांगते. केस रोज साधारण एका मिलिमीटरचा तिसरा हिस्सा वाढतो. वीतभर केस म्हणजे जवळजवळ दोन वर्षांची रोजनिशी. दहा वर्षांपूर्वी त्यातला महिना कसाबसा कळायचा. आता आमचं यंत्र केसावर प्रकाशाची सुई फिरवतं. सुई टेकेल तिथला कण उडतो आणि त्या वाफेतला नायट्रोजन यंत्र तोलतं. नायट्रोजन दोन जातींचा असतो, हलका आणि जड. पोटात अन्न गेलं नाही की शरीर स्वतःचंच मांस जाळायला लागतं, आणि केसात जड जात वाढते. पाणी तुटलं तर हायड्रोजनचा तोल ढळतो. आज उपाशी राहिलात तर आजची खूण आठवडाभरानं टाळूवर येईल, आणि मग ती कापेपर्यंत तिथंच. कोणत्या दिवशी जेवला नाहीत, कोणत्या दिवशी पाणीही नव्हतं, ते केस सांगतो. का, ते नाही सांगत.”

“ते आम्ही सांगतो,” हर्षदभाऊ गोड आवाजात म्हणाले. “व्रत.”

“बरोबर. म्हणूनच एकीच्या केसानं काही सिद्ध होत नाही.”

ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी कायदा झाला होता: धर्मसंस्थेच्या आज्ञेनं साधकाला इजा झाली, तर जबाबदार संस्था. मात्र इजा त्याच्या स्वतःच्या व्रतानं झाली असेल, तर संस्था मोकळी. कायदा झाला त्याच महिन्यात मंडळानं सगळ्यांकडून स्वेच्छापत्रं लिहून घेतली. ‘मी जे जे व्रत करीन ते माझ्या मर्जीनं.’ तेव्हापासून आश्रमात आज्ञा कुणीच देत नसे. माताजी ‘सुचवत’.

“पण चौदा जणींच्या केसांत त्याच तारखांना तीच खूण निघाली,” डॉक्टर पुढं म्हणाल्या, “तर ते व्रत कुणाचं? चौदा जणींचं चौदा वेळा, की सांगणाऱ्याचं? म्हणून कोर्टानं गुरुवारी नमुने घ्यायला सांगितलंय. जिची इच्छा असेल तिचेच. जबरदस्ती नाही.” त्या चौदाही जणींकडे बघून म्हणाल्या, “गेलेल्या त्या मुलीचा एकही केस मिळाला असता तर बरं झालं असतं. दहन सूर्योदयालाच झालं. तिची आई पोचली साडेनऊला. उपासमारीत वाढते केससुद्धा नुसत्या कंगव्यानं सुटून येतात. उशीवरचे, फणीतले काही असते तरी चाललं असतं. मुळाकडचं टोक ओळखू येतं. एकेका केसाच्या खुणा एकमेकींवर बसवून, घोंगडीच्या पट्ट्या जुळवतात तसे दिवस जुळवता येतात. पण तिची खोली धुऊन काढली होती.”

भारतीमावशी सतरंजीची दशी बोटाला गुंडाळत होत्या.

जाताजाता डॉक्टरांची नजर त्यांच्या वेणीवर गेली. वेणी कमरेखाली होती. “कधी कापले नाहीत का हो?”

“नाही.”

“सहा वर्षांचे आहेत,” डॉक्टर हळूच म्हणाल्या आणि चपला घालायला वाकल्या.

सहा वर्षं. भारतीमावशींनी मनात मोजलं. सहा वर्षांत कोयना खोलीत अकरा मुलींची शुद्धी झाली होती. ती सगळी त्यांच्या पाठीवर लोंबत होती म्हणायची! तप देहावर उमटत नाही, ते देवाच्या वहीत उमटतं, असं माताजी सांगत. देवानं ती वही जिच्या-तिच्या डोक्यावरच ठेवून दिली होती.

*

ती मुलगी म्हणजे शर्वरी. बावीस वर्षांची, बोलघेवडी. पहिल्याच दिवशी मावशींची वेणी हातात धरून म्हणाली होती, “मावशी, ही दारात सोडा. आश्रमाची झाडलोट आपोआप होईल.” त्यांना राग यायला हवा होता, तर हसूच आलं.

एप्रिलमध्ये खोलीतल्या सुलूआजींना धाप लागली. शर्वरीनं सगळ्यांसमोर विचारलं, “माताजी, आजींना दवाखान्यात का नेत नाही आपण? तुमच्या गुडघ्यांना तर पुण्याचे डॉक्टर येतात.”

माताजी हसल्या. त्यांचा आवाज कधी चढत नसे. “शंका म्हणजे मनाचं उष्टं, बाळ. ते धुवायला हवं.”

आणि शुद्धी सुचवली गेली. शुद्धी एकीची असली तरी उपास सगळ्या खोलीचा, हा आश्रमाचा रिवाज. बाहेरच्यांना त्याला सहतप म्हणून सांगत. केवढी माया, असं लोक म्हणत. आतल्यांना त्यातलं मर्म कळत होतं. दोन दिवस खोली मुलीच्या पाठीवरून हात फिरवते. तिसऱ्या दिवशी पोट पेटतं आणि सगळी खोली तिच्याकडे वैऱ्यासारखी बघू लागते. मग मुलगी आपणच माताजींचे पाय धरते. अकरापैकी दहाजणींनी धरले होते.

शर्वरीनं धरले नाहीत. बाकीच्यांना पाणी होतं. तिला दिवसाला तीन पळ्या तीर्थ. पाचव्या दिवशी तिची आई फोन करकरून थकली, तर कचेरीतून सांगितलं, “ती मौनात आहे. तिला बोलायचं नाहीये.” सहाव्या दिवशी पळीही थांबली. मावशींच्यानं बघवेना. त्या पाण्याचं भांडं घेऊन माताजींच्या दाराशी गेल्या.

“देऊ का घोटभर?”

“अजून एक सूर्य, भारती. कडेला आलीय. आता पाणी देशील तर सहा दिवसांचं तप वाया घालवशील, आणि ते पाप तुझ्या माथी.”

मावशींनी भांडं परत आणलं. दारापाशी तसंच ठेवलं. तो त्यांचा धर्म होता. त्यांना तसं वाटलं होतं. माणूस तहानलेलं असताना धर्म पाण्याच्या बाजूला असतो, हे घरी दारच्या भिकाऱ्याला पाणी देताना त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. तेच एकोणीस वर्षांत विसरायला झालं होतं.

त्या दुपारी त्यांनी शर्वरीचे केस विंचरले, दुसरं काय करावं ते सुचेना म्हणून. केस मुठीमुठीनं हातात येत होते.

“भरली का माझी पिशवी?” ती कुजबुजली. ओठ फुटले होते. मग म्हणाली, “मावशी, आईला सांगाल? तिला वाटत असेल, मी रुसले. मी बोलायला नाही म्हटलं नव्हतं. मला बोलूच दिलं नाही.”

“सांगेन गं. देवाशपथ.”

“देवाची नको. तुमच्या नेमाची घ्या. तो तुम्ही चुकवत नाही.”

त्यांनी घेतली.

पुढचा सूर्य शर्वरीनं पाहिला नाही.

साडेनऊला तिची आई आली. वैशाली चव्हाण, मसूरच्या अंगणवाडीतली सेविका. गावची पोरं काट्यावर घालून, वजनं लिहून हात घासलेली बाई. ती रडली नाही. राखेकडे बघत तिनं एवढंच विचारलं, “वजन किती राहिलं होतं तिचं?” मग ती मावशींकडे वळली. “तुम्ही होता ना जवळ? माझ्याबद्दल काही बोलली?”

मावशींनी हर्षदभाऊंकडे पाहिलं.

“मौनात होती हो,” त्या म्हणाल्या. “शांत गेली. तिचाच संकल्प होता.”

त्याला आता आठ महिने झाले. रोजच्या अकरा माळा रोज होत होत्या. तुळशीला पाणी रोज जात होतं. पण त्या शपथेपासून नेम पुरा झाल्यासारखा एकदाही वाटला नव्हता.

*

मंगळवारी त्यांना कचेरीत बोलावणं आलं. मंडळाचे वकील सबनीस होते. समोर टाईप केलेला कागद.

“कोयना खोलीच्या प्रमुख या नात्यानं तुमचं प्रतिज्ञापत्र,” ते म्हणाले. “शर्वरीनं व्रत स्वतःहून धरलं, तुम्ही परवानगी दिली, वर कुणाला कळवलं नाही. एवढंच.”

“मी कळवलं होतं. भांडं घेऊन गेले होते.”

“मावशी,” हर्षदभाऊ म्हणाले, “ते भांडं कुणी पाहिलंय?”

सबनीसांनी चष्मा पुसला. “ही नुसती खबरदारी आहे हो. समजा, काही निघालंच, तर संस्था म्हणेल की एका सेविकेनं श्रद्धेच्या भरात... म्हणजे मंडळ वाचेल. हजारो लोकांचं श्रद्धास्थान आहे.”

“आणि मी?”

“तुमचं वय, तुमची सेवा. कोर्ट सौम्य घेईल.”

“एकोणीस वर्षं तुम्ही म्हणता, देह मंडळाचा,” हर्षदभाऊंनी पेन पुढं केलं. “मग हात कुणाचा?”

भारतीमावशींनी कागद हातात घेतला, दोनदा उलटसुलट केला. “चष्मा खोलीवर राहिला,” त्या म्हणाल्या. चष्मा कनवटीला होता.

संध्याकाळच्या आरतीनंतर माताजी बोलल्या. आवाज नेहमीसारखाच, सायीसारखा. “केस म्हणजे अहंकाराचं पीक. उद्या सकाळी आपण केशार्पण करणार आहोत. कोयना खोलीला पहिला मान. सगळे केस होमात जातील. तोवर निर्जळी. अर्थात, ज्यांची इच्छा असेल त्यांनीच.”

इच्छा सगळ्यांची होती. हात वर झाले. नमुने द्यायचा दिवस गुरुवार, केशार्पण बुधवारी. आणि व्रताला कोर्ट मनाई करू शकत नाही, हे सबनीसांनी आधीच पाहून ठेवलेलं.

भारतीमावशींना आईची आजी आठवली. पाहिली नव्हती, फोटोत होती. विधवेचं लाल आलवण, डोक्यावरून ओढलेला पदर, खाली गुळगुळीत टाळू. तिलाही कुणी विचारलं नव्हतं. शंभर वर्षांत फरक पडला तो इतकाच, की आता सही घेतात.

*

बुधवारी सकाळी अंगणात चार पाट मांडले होते. पितळी पराती, कोमट पाणी, वस्तरे. होमाला समिधा रचून ठेवलेल्या. न्हावी अजून यायचे होते. कोयना खोलीतल्या बायका शेवटचे केस विंचरत होत्या.

“मंडळाच्या तेलाचा खर्च वाचला बघा,” कल्पनाताई म्हणाल्या. “आणि मावशी, तुमची वेणी होमात पडली तर वास पार कऱ्हाडपर्यंत जाईल. लोक म्हणतील, कुणाचा स्वयंपाक करपला.”

कुणीतरी हसलं. कल्पनाताई हसता हसता थांबल्या. कंगवा मांडीवर ठेवला. आवाज उतरला.

“मी तिच्यावर खेकसले होते हो मावशी. चौथ्या दिवशी. तुझ्यापायी आमच्या पोटात आग, म्हणाले. भवाने म्हणाले तिला. तेही उमटलं असेल का हो केसात?”

“नाही. ते नाही उमटत.”

“मग बरं.” कल्पनाताईंनी डोळे पुसले. “बरं कसलं डोंबलाचं!”

मग इकडंतिकडं पाहून त्यांनी आपल्या कंगव्यातलं गुंतवळ काढलं. बोटाला गुंडाळलं, गाठ मारली आणि ती करडी गुंडी मावशींच्या मुठीत दाबली. “तुमच्याकडे पिशव्या असतात ना सगळ्यांच्या,” त्या दुसरीकडेच बघत म्हणाल्या. “माझी पण असू द्या. माझी इच्छा आहे म्हणून देतेय. कुणी सुचवलेलं नाही.”

मावशी खोलीत गेल्या. ट्रंक उघडली. चिंध्या वाचायला चष्मा लागला नाही. शर्वरीची पिशवी हाताला कळली. सगळ्यांत नवी आणि सगळ्यांत फुगीर. ती आणि कल्पनाताईंची गुंडी त्यांनी कनवटीला खोचली. बाकीच्या पिशव्या ट्रंकेतच ठेवल्या. ज्यांनी होय म्हटलं नव्हतं, त्यांचा केस आपण दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही. प्रतिज्ञापत्र त्यांनी चार घड्या करून गादीखाली सारलं, सही न करता.

आपण जे न्यायला निघालोय त्यात पहिलं नाव आपलंच निघणार, हे त्या जाणून होत्या. भांडं कुणी पाहिलं नव्हतं. शुद्धीच्या दिवसांत शर्वरीवर दार कुणी लावलं होतं ते तेरा जणींनी पाहिलं होतं. पाठीवरची सहा वर्षं मंडळाला धरतील तशी त्यांनाही धरतील, अकरा वेळा. परत यायला ही खोली उरणार नव्हती, आणि माहेर केव्हाच उरलं नव्हतं. त्यांनी देवाला विचारून पाहिलं. देव काही बोलला नाही. पण तो त्या दिवशीही बोलला नव्हता. बोलल्या होत्या त्या माताजी, आणि त्यांनाच त्या देव समजल्या.

अकरा माळा पहाटेच झाल्या होत्या. त्या तांब्या घेऊन तुळशीपाशी आल्या. अर्धं पाणी घातलं. उरलेलं अर्धं भर अंगणात, सगळ्यांच्या देखत, उभ्यानंच त्या प्याल्या. घशाचा आवाज झाला तेवढा झाला. चौदा जणींच्या नोंदीत आजचा दिवस एकीचा तरी वेगळा लागला पाहिजे. आठवड्यानं येईल टाळूवर.

“मावशी!” कुणीतरी दबक्या आवाजात ओरडलं. “निर्जळी आहे!”

“हो ना,” मावशी म्हणाल्या, आणि तांब्या पालथा घातला.

पदर डोक्यावरून घट्ट ओढून, वेणी त्याखाली घेऊन त्या फाटकाशी आल्या. न्हाव्यांची गाडी नुकतीच आत शिरत होती, म्हणून फाटक उघडं होतं. रखवालदार गणपतराव उठून उभे राहिले.

“आज केशार्पण ना, मावशी? पहिला मान तुमचा. निघालात कुठं?”

“एक नेम राहिलाय,” त्या म्हणाल्या. “आठ महिने झाले.”

“लांब जायचंय?”

“मसूरला. अंगणवाडीत.”

गणपतरावांना मसूरच्या अंगणवाडीतली कोण ते ठाऊक होतं. आठ महिन्यांपूर्वी तिला याच फाटकातून त्यांनी बाहेर नेलं होतं, दंडाला धरून. त्यांनी आत कचेरीकडे पाहिलं, मग रस्त्याकडे.

“दहाची एसटी मिळेल,” ते म्हणाले. “पाय उचला.”

डॉक्टरांकडे जायचं होतंच. कोर्टातही. ते नंतर. डांबरी रस्त्यावर ऊन वर येत होतं, उसाला पाणी सुटल्याचा वास येत होता. भारतीमावशी रस्त्याच्या कडेकडेनं चालत होत्या. एक हात कनवटीवर होता. ओठ हलत होते. बघणाऱ्याला वाटलं असतं, जप चाललाय.

“रुसली नव्हती हो ती तुमच्यावर,” त्या घोकत होत्या. “तिला बोलूच दिलं नाही. आम्ही.”

शेवटचा शब्द नीट येईना. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि चालत राहिल्या.